फिल्मनं गिळलेलं कुंकू

विठोजी माने यांच्याबद्दल आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. मला लिहायची सवय नाही, पण त्यांच्या हाताखालून गेलेली एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे, ती जमेल तशी मांडतो.

बंगळूरच्या चिकपेटेतल्या एका आडगल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या माडीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्याच माडीच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहत असे. मी निपाणीकडचा. सत्तावन्न साली बंगळूरला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि ओळखीतून ही खोली मिळाली. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. उंच, जरा वाकलेले, अंगात बाह्या दुमडलेला शर्ट आणि नखं फोटो धुवायच्या औषधानं पिवळट झालेली. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती. मूलबाळ नव्हतं. त्यांचं घराणं बंगळूरला केव्हा आलं असं विचारलं तर म्हणायचे, "मराठ्यांच्या फौजेबरोबर आलो म्हणतात. आता घोडा कुणी पाहिलाय? माझ्या आजोबांकडं तर सायकलपण नव्हती."

त्या दिवसांत परदेशी मालावर सरकारनं बंधनं घातली होती आणि फोटोची फिल्म मिळणं मुश्कील झालं होतं. इतर स्टुडिओवाले रडकुंडीला आले होते. अण्णांकडे मात्र फिल्म होती, कारण ती त्यांनी फार पूर्वी, लढाई संपली तेव्हाच घेऊन ठेवली होती. विमानतळाजवळच्या लष्करी डेपोतला माल तेव्हा भंगारात निघाला. त्यात विमानातून जमिनीचे फोटो काढायच्या फिल्मचे मोठाले हिरवट डबे होते. भंगारवाला ती फिल्म जाळून तिच्यातली चांदी काढणार होता. अण्णांनी त्याची समजूत घालून डबे घरी आणले. डब्यांवर इंग्रजीत स्पष्ट छापलं होतं की पंचेचाळीस सालानंतर ही फिल्म वापरू नये.

"मग तुम्ही कशी वापरता?" मी एकदा विचारलं.

"फिल्मला कुठं कॅलेंडर वाचता येतं, देवाप्पा?" ते म्हणाले.

न्हाणीघराच्या कोपऱ्यात वाळूचा थर करून त्यावर डबे ठेवलेले असत आणि वरून ओली गोणपाटं. बंगळूरची हवा तशी थंडच, तरी उन्हाळ्यात ते गोणपाटांवर दिवसातून अनेकदा पाणी शिंपडत. फिल्म वीतभराहून जास्त रुंद. ती अंधारात शिंप्याच्या कात्रीनं कापून ते आपल्या जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या मापाचे तुकडे करत. इतकी वर्षं पडून राहिल्यानं फिल्म धुरकट झाली होती. काहीही न काढता धुतली तरी राखाडी व्हायची. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवायच्या औषधात, ब्रोमाइडची चिमूट. किती चिमूट हे त्यांनी स्वतःच चुकत चुकत ठरवलं होतं.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच डब्याची. अण्णा हे काम कॅन्टोन्मेंटमधल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे काचेच्या प्लेटांवर शिकले. त्या प्लेटांना लाल उजेड दिसत नसे. म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा लावून, ट्रेमध्ये चित्र हळूहळू उमटताना बघत काम करायचं, असा त्यांचा हात बसलेला. पहिला डबा त्यांनी तसाच लाल दिव्याखाली उघडला. जेवढी फिल्म बाहेर काढली तेवढी सगळी काळी ठिक्कर झाली. मग कुणीतरी सांगितलं की ही विमानाची फिल्म लाल उजेडपण पाहते, हिला पूर्ण अंधार लागतो. तेव्हापासून ते फिल्म ठार अंधारात धुवायचे. वेळ मोजायला घड्याळ दिसत नसे, म्हणून तोंडानं एक स्तोत्र म्हणत. स्तोत्र संपलं की फिल्म बाहेर. कधी मध्येच कुणी दारावर थाप मारली आणि ते अडखळले तर तो फोटो बिघडायचा. लाल दिवा आता फक्त कागदावर छापताना लागे, कारण कागदाला लाल उजेडाचं काही होत नाही.

या फिल्मची आणखी एक खोड होती. बायकांच्या कपाळावरचं कुंकू फोटोत यायचंच नाही. कपाळ कोरं. अण्णांना वाटे हा फिल्मच्या वयाचा दोष. "म्हातारपणी माणूस एखादीच गोष्ट विसरतो बघ, तशी ही कुंकू विसरते," असं ते म्हणत. त्यांनी त्याचा फार विचार केला नव्हता. फोटो वाळला की बारीक ब्रशनं शाईचा एक ठिपका कपाळावर ठेवायचा आणि पाकिटात घालून द्यायचा. त्यात इतकी सफाई होती की कुणाला कधी कळलं नाही.

एका वर्षी संक्रांतीच्या आधी सोयराबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. सोयराबाई अण्णांच्या नात्यातल्या, वयानं मोठ्या, पेठेत त्यांच्या जिभेला सगळे वचकून असत. सुनेचं नाव राजलक्ष्मी. तिचा नवरा जयसिंगराव क्षयानं आजारी होता आणि आंध्रातल्या एका सॅनिटोरियममध्ये होता. संक्रांतीनंतर त्याच्या बरगड्या कापून छातीचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टरांनी बायकोला भेटायला यायची मनाई केली होती. ऑपरेशनच्या आधी तिचा एक फोटो पाठवा, एवढंच त्यानं कळवलं होतं.

"कुंकू मोठं लाव गं," सोयराबाईंनी स्टुडिओतल्या आरशासमोर सुनेला बजावलं. "त्याला तिथून दिसलं पाहिजे."

राजलक्ष्मीनं मेण लावून त्यावर बंद्या रुपयाएवढं कुंकू रेखलं. अण्णांनी मोठे दिवे लावले आणि फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सोयराबाई सांगितल्या वेळेच्या आधीच माडी चढून आल्या. फोटो अजून दोरीवर लटकत होता. रविवार होता, म्हणून मीही तिथंच बसलो होतो.

त्यांनी फोटो पाहिला. "ही कोण?"

"तुमचीच सून, अक्का."

"माझ्या सुनेच्या कपाळाला कुंकू आहे."

"येणार ते. लावायचं राहिलंय," असं म्हणून अण्णांनी सवयीनं ब्रश शाईत बुडवला.

"कोण लावणार?"

"मीच की. नेहमी मीच..." अण्णा तिथंच थांबले. ब्रशच्या टोकावरून शाई खाली टपकली.

सोयराबाई स्टुलावर बसल्या. "नेहमी? पेठेतल्या मथुराच्या फोटोला पण?"

"होय."

"ठकुबाईच्या?"

"अक्का, सगळ्यांच्याच. फिल्म जुनी आहे, तिच्यात येत नाही ते."

"म्हणजे निम्म्या पेठेच्या बायकांना तू कुंकू लावून मोकळा झालास. आणि आम्ही दुसरं लग्न कर म्हणालो तर नको म्हणून बसलास."

मला हसू आवरलं नाही. सोयराबाई माझ्याकडे वळल्या. "हसायला काय झालं, निपाणीकर? लग्न झालंय तुमचं?"

"नाही."

"मग गप बसा."

तरी मी धीर करून म्हणालो, "अण्णांनी नको तर मथुराबाईंना बोलावू. सवाष्ण बाईनं ठिपका दिला तर चालेल ना?"

यावर त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "लावायचं कुणी ते नंतर बघू. आधी गेलं कुठं ते सांगा. माझ्या डोळ्यांदेखत लावलं होतं तिनं. तिकडं माझ्या पोराची छाती उघडणार आहेत आणि इकडं हिच्या कपाळाचं कुंकू आपोआप गेलं. मी हे पोस्टात टाकू?"

फोटो घरी न्यायचा नाही आणि कुठं पाठवायचाही नाही, असं सांगून त्या खाली उतरल्या.

संध्याकाळी बाजाराचं निमित्त करून राजलक्ष्मी आली. दारातच उभी राहिली. "अण्णा, फोटो जाईल ना?"

"अक्का नको म्हणतात, पोरी."

"तिकडून त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. भूल द्यायच्या आधी बघायचाय म्हणालेत." तिनं मागं वळून जिन्याकडं पाहिलं. "आत्याबाईंना राग नाही आला. त्या घाबरल्यात. दुपारी जेवल्या पण नाहीत."

ती गेल्यावर अण्णांनी तो कोरा फोटो दोरीवरून काढून हातात घेतला. मग म्हणाले, "देवाप्पा, खरंच गेलं कुठं ते? मी इतकी वर्षं नुसता ठिपका देत आलो. कधी विचारलंच नाही."

मला स्वतःला तोपर्यंत फोटोतलं काही कळत नव्हतं, पण हा प्रश्न डोक्यात बसला. फिल्म म्हातारी झाल्यामुळं विसरते म्हणावं, तर मग कुंकूच का? डोळ्यांतलं काजळ तर तिला चांगलं आठवत होतं. मी अण्णांना म्हटलं, "आपण एकेक रंग तिच्यापुढं ठेवून बघू या."

मग आम्ही चुना लावलेली एक फळी घेतली. तिच्यावर कुंकू, हळद, नीळ, काजळी अशा बोटबोट पुड्या ओळीनं ओल्या करून लावल्या आणि शेवटी एक विड्याचं पान खिळ्यानं ठोकलं. त्याच दिव्यांखाली फळीचा फोटो काढला. पान बरंच गडद आलं, नीळ काळपट, काजळी काळीच. हळद आणि कुंकू दोन्ही जवळजवळ चुन्याइतकी पांढरी.

"म्हणजे म्हातारपण नव्हे," अण्णा म्हणाले. "म्हातारी असती तर सगळंच स्वल्प स्वल्प विसरली असती."

फोटो मोठा छापून नीट बघावा म्हणून ते डार्करूममध्ये गेले आणि ताडून पाहायला फळीही आत घेऊन गेले. मी बाहेर होतो. आतून त्यांचा आवाज आला, अगदी हळू, जणू आत कुणी झोपलं आहे.

"देवाप्पा, आत ये. पडदा सरकवून ये."

आत लाल दिवा होता. त्यांनी फळी माझ्यासमोर धरली. नीळ दिसत होती, पान काळं दिसत होतं. कुंकवाच्या जागी काही नव्हतं. मी बोट लावून पाहिलं, तिथं पुडीचा खडबडीतपणा लागत होता. फळी बाहेर उजेडात नेली, कुंकू होतं तिथंच होतं, लालभडक. पुन्हा आत नेली. नाही. आम्ही दोघांनी असं किती वेळा आत-बाहेर केलं कोण जाणे. खालच्या कापडवाल्यानं वर डोकावून विचारलं की फळीला ऊन दाखवताय की काय.

अण्णा ट्रेच्या कडेवर हात टेकून बसले. "ही फिल्म लाल दिव्याखाली काळी पडली होती," ते म्हणाले. "तिला लाल म्हणजे उजेडच वाटतो. मग कुंकू पण उजेडच वाटणार. उजेडात कपाळ, उजेडात कुंकू. वेगळं दिसणार कसं?" मग म्हणाले, "काचेच्या प्लेटांना लाल दिसायचंच नाही. म्हणून त्यांच्यात कुंकू काळं यायचं. माझ्या गुरूच्या सगळ्या फोटोंत कुंकू आहे, बघ."

हे सगळं आज कुणालाही पुस्तकात सापडेल. आम्हाला मात्र ते त्या खोलीत, फळी हातात धरून सापडलं, आणि त्या आनंदाची बरोबरी माझ्या कारखान्यात पुढं कधी झाली नाही.

अण्णा त्याच पावली सोयराबाईंच्या घरी गेले. त्या आधीच पेठेतल्या भटजींना, भीमाचार्यांना, विचारून आल्या होत्या. आचार्य म्हणाले होते, ऑपरेशनचं देवाला आणि डॉक्टरला विचारा, फोटोचं फोटोवाल्याला विचारा. त्यामुळं दुसऱ्या दिवशी सोयराबाई आल्या, पण कपाळाला आठ्या घालूनच. राजलक्ष्मी मागं होती.

"आत काय आहे?" डार्करूमच्या पडद्यापाशी त्यांनी विचारलं.

"काही नाही, अक्का. लाल दिवा आहे. तुम्ही दोघी आत जा. मी आणि देवाप्पा बाहेर थांबतो. सुनेकडं बघा आणि काय दिसतं ते सांगा."

पडदा पडला. मग सोयराबाईंचा आवाज, "अगं, पुसलंस काय?"

"नाही, आत्याबाई. हात खाली आहेत माझे."

"मग..."

पडदा बाजूला करून त्या सुनेचा दंड धरून बाहेर आल्या. खिडकीपाशी नेऊन तिचं तोंड वर केलं. कुंकू होतं. त्यांनी ते पाहिलं, मग अण्णांकडे, मग पुन्हा सुनेकडे. तिला पुन्हा आत नेलं. पुन्हा बाहेर आणलं. तिसऱ्या वेळी आतून त्यांचा हसण्याचा आवाज आला. मी त्यांना तोपर्यंत हसताना ऐकलं नव्हतं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगठ्याला कुंकू लागलं होतं.

"गेलं नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "तिथंच होतं."

"तिथंच होतं, अक्का. फिल्मला दिसलं नाही एवढंच."

त्या स्टुलावर बसल्या आणि पदरानं डोळे टिपले. पण बाई हुशार. लगेच म्हणाल्या, "मला दाखवलंस, सरी, बरं झालं. पण त्याला तिथं लाल खोली कोण दाखवणार? तो तर कोरं कपाळच बघणार. ठिपका मला नको. जे आहे ते दिसू दे."

अण्णांना हे अपेक्षितच असावं. चिकपेटेतल्या काचवाल्याकडून त्यांनी खिडक्यांच्या रंगीत काचांचे उरलेले तुकडे आणून ठेवले होते. लाल उजेडच फिल्मपर्यंत जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा विचार. भिंगापुढं निळी काच धरून फळीचा फोटो काढला तर काहीच आलं नाही, दिव्यांचा उजेड निळ्या काचेतून पुरेसा जाईना. हिरव्या काचेतून मात्र कुंकू चक्क काळं आलं. फक्त उजेड फार कमी मिळतो, तेव्हा बसणाऱ्यानं बराच वेळ हलायचं नाही.

राजलक्ष्मी पुन्हा खुर्चीत बसली. हिरवी काच सुतळीनं भिंगाला बांधली होती. अण्णांनी झाकण काढलं.

"श्वास घेऊ का?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"घे, पण खांदे उचलू नकोस."

"बोलू नको गं," सोयराबाई म्हणाल्या.

"तुम्ही पण बोलू नका, अक्का. ती तुमच्याकडं बघते."

झाकण लावेपर्यंत मीच श्वास धरून उभा होतो. अण्णा फिल्म धुवायला ठार अंधारात गेले. आतून स्तोत्र ऐकू येत होतं. बाहेर सोयराबाई तेच स्तोत्र त्यांच्याबरोबर पुटपुटत होत्या, पण त्यांचा वेग जास्त होता. त्यांचं आधी संपलं आणि त्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "झालं की, काढ बाहेर." आतून स्तोत्र न थांबता चालू राहिलं.

फोटो छापताना अण्णांनी आम्हा तिघांनाही आत बोलावलं. पांढरा कागद ट्रेमध्ये पडला. आधी काहीच नव्हतं. मग केस उमटायला लागले, मग डोळे, आणि त्यांच्या जोडीनंच, चेहरा अजून कोरा असताना, कपाळाच्या मधोमध तो गोल. नाक, ओठ सगळं नंतर आलं. ट्रेवर वाकलेल्या राजलक्ष्मीच्या स्वतःच्या कपाळावर त्या लाल दिव्यात काहीच दिसत नव्हतं, आणि खाली पाण्यात तिचं कुंकू तयार होत होतं. अण्णांनी ट्रे हलवणं क्षणभर थांबवलं होतं, हे मला आठवतं.

उजेडात फोटो आणल्यावर सोयराबाईंनी तो लांब धरून पाहिला. "कुंकू आलं. पण केवढी काळी केलीस रे हिला."

हे खरं होतं. हिरव्या काचेनं कुंकवाबरोबर चेहराही गडद केला होता. आधीच्या फोटोत राजलक्ष्मी एखाद्या राणीसारखी गोरी दिसत होती, या फोटोत ती सावळी होती. अण्णा अस्वस्थ झाले. "अजून एकदा काढू का? काच जरा पातळ बघतो."

तेवढ्यात राजलक्ष्मीनं सासूच्या हातातून फोटो घेतला. पाहिला. "आत्याबाई, मी एवढीच आहे की."

"आहेस गं, पण..."

"त्यांना माहीत आहे मी कशी आहे. तो दुसरा बघून ते म्हणतील, ही कोण बाई पाठवली." तिनं फोटो पदराखाली घेतला. "हाच जाऊ दे. आजच."

सोयराबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना कुणी असं गप्प केलेलं पेठेत ऐकिवात नव्हतं. फोटो त्याच दिवशी पोस्टात पडला. टाकायला मीच गेलो होतो, आणि पेटीत हात घालून तो खाली पडल्याचा आवाज ऐकला.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढं एकदा मी अण्णांना शाईची ती दौत गटारात ओतताना पाहिलं. त्यानंतर ते प्रत्येक बाईला विचारायचे, गोरं हवं की कुंकू हवं? बहुतेकजणी गोंधळून त्यांच्याकडे बघत. अधूनमधून एखादी म्हणे, दोन्ही द्या, आणि अण्णा दोन्ही काढून देत. डबे संपेपर्यंत, म्हणजे पासष्ट सालापर्यंत, त्यांनी हेच केलं. पुढं फिल्म मिळू लागली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला होता.

जयसिंगराव परत आला तो दुसऱ्या वर्षी पाडव्याच्या सुमारास. एक खांदा खाली झुकलेला, आवाज बारीक, पण चालत माडी चढला. मागं राजलक्ष्मी आणि सोयराबाई. अण्णांना वाटलं, दोघांचा फोटो काढायचा असेल. ते दिवे पुढं ओढायला लागले.

"फोटो नको, अण्णा," तो म्हणाला. "हिनं काहीतरी सांगितलंय. मला ती खोली बघायची आहे."

अण्णांनी लाल दिवा लावून दिला आणि पडदा वर केला. दोघं आत गेले. पडदा पडला. आम्ही तिघं बाहेर उभे राहिलो. आतून जयसिंगरावाचं हसणं आलं, मध्येच खोकला, मग पुन्हा हसणं, आणि त्यात राजलक्ष्मीचंही. मग शांत झालं.

सोयराबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "विठोजी, अजून किती वेळ?"

आत ना फिल्म होती ना कागद. अण्णा स्टुलावर बसले होते. त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, "अक्का, फोटो धुताना घाई करून चालत नाही."